ओसरी, माजघर आणि वायफाय



मुदतठेवी, वारसनोंद, मृत्युपत्र, जीएसटीची विवरणपत्रे अशा विषयांवर या सदरातून आजवर आपला संवाद होत आला. आजचा विषय त्या मानाने वेगळा आहे. मी वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर. उभी हयात बँकेच्या खातेवह्यांत गेली. बिनतारी लहरींविषयी लिहिण्याचा यांचा अधिकार काय, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्तच ठरेल. परंतु गेल्या वर्षी आमच्याच कुटुंबात असा एक प्रसंग घडला, की साठी उलटल्यावर मला हा विषय एखाद्या विद्यार्थ्याप्रमाणे शिकावा लागला. तो प्रसंग सांगण्यास ज्यांची संमती हवी होती त्यांनी ती दिली आहे. "नाव घालू नका, बाकी सगळे लिहा," एवढीच त्यांची अट आहे.

माझे थोरले चुलतबंधू, आम्ही त्यांना दादा म्हणतो, यांची फलटणच्या पेठेत किराणा-भुसाराची पेढी आहे. आजोबांनी मांडलेली, तीन पिढ्या चाललेली. आसपासच्या खेड्यांतील शेतकरी कुटुंबे वर्षभर माल नेतात आणि कारखान्याचे उसाचे बिल हाती आले की खाते चुकते करतात. ही उधारीची खतावणी दादांच्या बैठकीशेजारच्या लाकडी पेटीत असे आणि पेटीची किल्ली त्यांच्या कमरेला. कोणाकडे किती येणे आहे हे वहिनींनासुद्धा ठाऊक नसे.

दोन वर्षांपूर्वी पुतण्याने दुकान संगणकावर आणले. खतावणी संगणकात गेली. मागच्या गोदामातील दुसऱ्या संगणकावरही ती दिसावी म्हणून तो कप्पा 'सामायिक' करण्यात आला आणि पाहण्याची परवानगी 'सर्वांना' अशी दिली गेली. त्याच सुमारास दुकानात वायफाय आले. गल्ल्यापाशी एक सुबक पाटी लागली : 'ग्राहकांसाठी मोफत वायफाय', आणि खाली पासवर्ड. ती पाटी पाहून मीच पुतण्याची पाठ थोपटली होती, हे येथे कबूल केले पाहिजे.

पुढे काय झाले असेल, याची कल्पना जाणकारांना आली असेल. एका वितरकाकडे कामाला असलेला एक मुलगा बिलाची वाट पाहत बाकावर बसला होता. त्याने दुकानाच्या वायफायला मोबाइल जोडला आणि फाइली पाहण्याचे एक साधे ॲप उघडले. त्यात दुकानाचा संगणक दिसला, संगणकात कप्पा दिसला आणि कप्प्यात 'उधारी' नावाचा तक्ता. कुलूप नव्हतेच, म्हणून ते फोडण्याचाही प्रश्न आला नाही. त्या मुलाच्या मनात काही वाईट होते असे मला आजही वाटत नाही. त्याने पाहिले आणि चार ठिकाणी बोलला, इतकेच. आठवड्याभरात पेठेत कोणाकोणाचे किती येणे आहे याची चर्चा सुरू झाली.

तीस वर्षांचे खाते असलेल्या एका शेतकऱ्याच्या घरी त्याच दिवसांत मुलीच्या सोयरिकीची बोलणी चालली होती. समोरच्या मंडळींपैकी कोणीतरी सहज विचारल्यासारखे करून त्या उधारीचा आकडा रुपयांनिशी बोलून दाखवला. सोयरीक मोडली नाही, पण दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ दुकानी आले आणि सारी रक्कम गादीवर ठेवून म्हणाले, "शेठ, आकडा तुमच्या वहीत होता तवर मला त्याची लाज नव्हती." दादांना उत्तर सुचले नाही. ते गृहस्थ त्यानंतर दुकानाची पायरी चढलेले नाहीत.

बँकेत रुजू होताना आम्हा प्रत्येकाकडून निष्ठा व गोपनीयतेच्या प्रतिज्ञापत्रावर सही घेतली जाई. 1970 च्या बँक राष्ट्रीयीकरण कायद्यातच तशी तरतूद आहे. खातेदाराच्या शिलकेबद्दल त्याच्या सख्ख्या भावालाही सांगायचे नाही, हा धडा मी नोकरीभर पाळला. व्यापाऱ्याने अशी सही कोणापुढे केलेली नसते. परंतु उधारीवर माल देणारी प्रत्येक पेढी हे व्रत न बोलता पाळत आलेली आहे. ते आमच्या घरात मोडले, आणि मोडले ते एका पांढऱ्या डबीमुळे, जिच्याविषयी आम्हांला काहीच कळत नव्हते. म्हणून आजचा हा लेख.

वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे

पहिला गैरसमज हा. पालिकेची जलवाहिनी आपल्या उंबऱ्यापर्यंत येते. तेथून स्वयंपाकघरात, न्हाणीघरात नळ कसे फिरवायचे हे आपण ठरवतो. इंटरनेट ही ती जलवाहिनी. ती फायबरच्या तारेने घरात येते. राउटर नावाची डबी ते पाणी घरभर वाटते, आणि त्या वाटपातील बिनतारी भागास वायफाय म्हणतात. 'वायफाय चालत नाही' अशी तक्रार आली की प्रथम पाहावे : जलवाहिनीच कोरडी आहे, की घरातील नळात काही अडकले आहे? राउटरजवळ उभे राहूनही काही उघडत नसेल तर दोष बहुधा बाहेरचा. राउटरपाशी सुरळीत आणि माडीवर बंद, असे असेल तर दोष आपल्या घराच्या मांडणीचा. एवढा भेद कळला तरी तंत्रज्ञाला घातलेल्या निम्म्या फेऱ्या वाचतात.

आणखी एक गोष्ट येथेच ध्यानात घ्यावी. इंटरनेट बंद असतानाही घरातील यंत्रे राउटरमार्फत एकमेकांशी बोलू शकतात. दादांच्या दुकानात जे घडले त्यात इंटरनेटचा काडीचाही संबंध नव्हता. बाकावरचा मोबाइल आणि गल्ल्यावरचा संगणक एकाच छताखाली, एकाच जाळ्यात होते, तेवढे पुरेसे ठरले.

दौंडचा धडा

बिनतारी संदेशवहन ही गोष्ट आपल्या भागाला मुळीच नवी नाही. फलटणहून बारामतीमार्गे आपण दौंडला गाडी पकडण्यास जातो. त्याच दौंडला ब्रिटिश काळात बिनतारी ग्रहणकेंद्र होते. 1927 मध्ये इंग्लंड व हिंदुस्थान यांच्यात 'बीम' पद्धतीची बिनतारी तारसेवा सुरू झाली, तेव्हा संदेश पाठविण्याचे केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि संदेश घेण्याचे केंद्र दौंडला ठेवण्यात आले. इंग्लंडच्या बाजूला ग्रिम्सबी आणि स्केगनेस अशी जोडी होती. एकच केंद्र का नाही? कारण पाठविणाऱ्या यंत्राच्या गदारोळात सात समुद्रांपलीकडून आलेला क्षीण आवाज ऐकू येणार नाही. भरबाजारात कानगोष्ट ऐकू येत नाही, त्यातलाच हा प्रकार.

पुढे 1971 मध्ये जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे देशातील पहिले व्यापारी उपग्रह भू-केंद्र उभे राहिले. माझ्या नोकरीच्या उत्तरार्धात बँकाही उपग्रहाशी जोडल्या गेल्या. 1999 च्या जूनमध्ये 'इन्फिनेट' हे बँकांचे जाळे सुरू झाले आणि काही काळाने आमच्या शाखेच्या गच्चीवरही एक तबकडी बसली. ती सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवरील उपग्रहाशी बोलत असे. मला तेव्हा मोठे नवल वाटे. आणि निवृत्तीनंतर घरी वायफाय घेतले तेव्हा त्याहून मोठे नवल वाटले, की छत्तीस हजार किलोमीटरवरून येणारा संदेश आम्हांला मिळत होता आणि माजघरातील वायफाय मात्र देवघरापर्यंत पोहोचत नाही!

कारण साधे आहे. उपग्रह आणि तबकडी यांच्यामध्ये मोकळे आकाश असते आणि तबकडीचे तोंड नेमके उपग्रहाकडे वळविलेले असते. आपल्या वाड्यात मात्र मध्ये दोन-दोन फुटांच्या दगड-मातीच्या भिंती. त्यात राउटरची शक्तीही कायद्याने मर्यादित ठेवलेली असते. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या लहरी एकमेकांना त्रास देऊ नयेत म्हणून. आपल्या देशात 2.4 गिगाहर्ट्झ हा पट्टा जानेवारी 2005 च्या नियमांनी अशा अल्पशक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला, आणि ऑक्टोबर 2018 मध्ये 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा मोठा भाग खुला करण्यात आला. आपण रेडिओसाठी पूर्वी परवाना काढीत असू, त्याची आठवण ज्येष्ठ वाचकांना असेल. वायफायला तो लागत नाही, तो या नियमांमुळे.

हे दोन पट्टे आपल्या राउटरवर बहुधा दोन नावांनी दिसतात; दुसऱ्याच्या शेवटी '5जी' असे लिहिलेले असते. मोबाइलच्या फाइव्ह-जीशी त्याचा संबंध नाही. 2.4 ची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीची. ती भिंतीतून बऱ्यापैकी पार होते, पण तिच्या वाटेवर गर्दी फार. शेजारच्या दहा दुकानांचे राउटर, ब्लूटूथची उपकरणे आणि मायक्रोवेव्ह भट्टी, सारे याच पट्ट्यात. 5 ची लहर सुमारे सहा सेंटिमीटरची; वेग अधिक, गर्दी कमी, पण एक जाड भिंत आली की ती थकते. म्हणून राउटरच्याच खोलीत बसून काम असेल तर 5 घ्यावे, भिंतीपलीकडे 2.4. पेठेसारख्या दाट वस्तीत 2.4 वर 1, 6 किंवा 11 यांपैकी ज्या वाहिनीवर गर्दी कमी असेल ती निवडावी. या तिन्ही एकमेकींवर चढत नाहीत.

राउटर कोठे ठेवावा

बहुतेक घरांत तो दाराजवळ, तार जेथून आत आली तेथेच लटकत असतो. म्हणजे निम्म्या लहरी रस्त्याला मिळतात. तो शक्यतो घराच्या मध्यभागी, छातीइतक्या उंचीवर, उघड्यावर ठेवावा. कपाटात, टीव्हीमागे, तिजोरीजवळ किंवा मोठ्या आरशामागे ठेवू नये. धातू आणि आरशाचा मुलामा लहरींना परतवून लावतात. पाणी लहरी शोषून घेते. पाण्याची टाकी मध्ये आली तर पलीकडे काही पोहोचत नाही. आमच्या दादांच्या गोदामात एक गंमत दिसली. हंगामात पोत्यांची थप्पी छतापर्यंत गेली की मागच्या संगणकाची जोडणी तुटे, आणि माल उठला की आपोआप सुरू होई. पुतण्या तीन महिने कंपनीशी भांडत होता. दोष कंपनीचा नव्हता, थप्पीचा होता.

राउटरच्या उभ्या दांड्यांतून लहरी सभोवती आडव्या पसरतात, वर-खाली कमी जातात. म्हणून तळमजल्यावरचा राउटर माडीवर दुबळा पडतो. यावर बाजारात लहरी पुढे ढकलणारी 'रिपीटर' नावाची यंत्रे मिळतात. ती स्वस्त असतात, पण ऐकणे आणि बोलणे ही दोन्ही कामे एकाच लहरीवर करीत असल्याने वेग साधारण निम्म्यावर येतो. शिवाय ज्या कोपऱ्यात मुळातच लहर पोहोचत नाही तेथे ते ठेवून काही साधत नाही. खरा उपाय जुनाच आहे : तार. तळमजल्यापासून माडीपर्यंत एक चांगली नेटवर्क केबल ओढावी आणि वरच्या टोकाला दुसरा राउटर 'ॲक्सेस पॉइंट' म्हणून जोडावा. अशी केबल 100 मीटरपर्यंत खात्रीने चालते. वाडा पाडून नवे घर बांधणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे : विजेच्या नळ्या भिंतीत घालताना प्रत्येक मजल्यावर एक नळी या केबलसाठी रिकामी सोडा. त्या वेळी तिचा खर्च नगण्य असतो, नंतर भिंत फोडावी लागते.

दुकान पेठेत आणि गोदाम गावाबाहेर असेल तर दोन छपरांवर समोरासमोर तोंड केलेल्या दोन अँटेना बसवून बिनतारी जोडणी करता येते. अट एकच : मध्ये झाड, इमारत, टाकी नको, एका छपरावरून दुसरे डोळ्यांना दिसले पाहिजे. खडकी-दौंडच्या 'बीम'चेच हे छोटे रूप. पालघर जिल्ह्यातील खेड्यांत आयआयटी मुंबईच्या 'ग्राममार्ग' प्रकल्पाने अशाच बिनतारी दुव्यांनी ग्रामपंचायती इंटरनेटला जोडून दाखवल्या, आणि 2017 मध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत त्या प्रकल्पाला प्रथम पारितोषिक मिळाले. जेथे फायबर नेणे परवडत नाही तेथे ही वाट खुली आहे.

ओसरी आणि माजघर

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आपल्या पूर्वजांनी घरे बांधताना ओसरी वेगळी आणि माजघर वेगळे ठेवले. कोणीही आला तरी ओसरीवर त्याचे स्वागत. पाणी, गूळ, बसायला घोंगडी. पण तिथून माजघरात जाण्यासाठी घरच्या माणसाने बोलवावे लागे. यात पाहुण्याचा अपमान नव्हता. बँकेतही काउंटर सर्वांना खुला, आणि तिजोरीच्या खोलीला दोन किल्ल्या, दोन अधिकाऱ्यांकडे. दादांच्या दुकानात आम्ही काय केले होते? ओसरी आणि माजघर यांमधली भिंतच पाडली होती.

ही भिंत परत घालणे अवघड नाही. आजच्या बहुतेक राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' अशी सोय असते. ती चालू केली की पाहुण्यांसाठी निराळ्या नावाचे, निराळ्या पासवर्डचे जाळे तयार होते. त्यावरून इंटरनेट मिळते, पण आतील संगणक दिसत नाहीत. ग्राहक, वितरकांची माणसे, घरी आलेले पाहुणे, मुलांचे मित्र या सर्वांना हे ओसरीचे वायफाय द्यावे. हिशेबाचे संगणक, छपाईयंत्र आणि मालकांचे मोबाइल एवढेच माजघराच्या जाळ्यात. सीसीटीव्हीचे कॅमेरे, घरातील 'स्मार्ट' टीव्ही, बोलणारे स्पीकर हेही ओसरीतच बरे. या वस्तूंची सुरक्षा क्वचितच कोणी अद्ययावत ठेवतो.

परंतु सोय चालू केली म्हणजे ती काम करते असे गृहीत धरू नये. रोख मोजून घेतल्यावरच पावतीवर सही करायची, ही आमची सवय. आपला मोबाइल पाहुण्यांच्या जाळ्याला जोडावा आणि दुकानाचा संगणक किंवा सामायिक कप्पा दिसतो का ते पाहावे. दिसला तर भिंत कागदावरच आहे, तंत्रज्ञाला बोलवावे.

यापुढील कामे थोडक्यात सांगतो. पहिले, राउटरला दोन किल्ल्या असतात : एक वायफायचा पासवर्ड आणि दुसरा राउटरच्या मांडणीत शिरण्याचा. दुसरा बहुतेकांनी कधी बदललेलाच नसतो. तो डबीच्या तळाशी छापलेला किंवा साऱ्या जगाला ठाऊक असलेला असतो. तो त्याच दिवशी बदलावा. दुसरे, वायफायचा पासवर्ड म्हणून मोबाइल क्रमांक, दुकानाचे नाव किंवा मुलाचे जन्मवर्ष ठेवू नये. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहावेत. लक्षात राहतात आणि ओळखण्यास कठीण जातात. तिसरे, सुरक्षेच्या रकान्यात 'डब्ल्यूपीए-3' किंवा निदान 'डब्ल्यूपीए-2' निवडावे; 'डब्ल्यूईपी' हा जुना प्रकार 2001 पासूनच मोडका ठरला आहे. बटण दाबून जोडणी करण्याची 'डब्ल्यूपीएस' सोय बंद ठेवावी. चौथे, सामायिक कप्प्याची परवानगी 'सर्वांना' अशी कधीच देऊ नये. नाव आणि पासवर्ड असलेल्या ठरावीक व्यक्तींनाच द्यावी. पाचवे, नोकरी सोडून गेलेल्या माणसाकडे जशी किल्ली ठेवत नाही, तसाच पासवर्डही त्याच दिवशी बदलावा. सहावे, हिशेबाची एक प्रत आठवड्यातून एकदा वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. जोडून ठेवलेली प्रत ही प्रत नव्हे.

वायफायचे नाव लपवून ठेवले की सुरक्षा झाली, असे काही जण सांगतात. दुकानाची पाटी काढली म्हणून कुलूप लावल्यासारखे होत नाही. लपवलेले नाव शोधणारी साधने सहज मिळतात. त्यावर विसंबू नये.

उघड्या दाराची किंमत

'आमच्याकडे लपवण्यासारखे काही नाही, वापरू दे शेजाऱ्यांना,' असे म्हणणारे उदार गृहस्थही आपल्यात आहेत. त्यांनी 2008 साल आठवावे. त्या वर्षी 26 जुलैस अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटे जो धमकीचा ई-मेल आला, तो नवी मुंबईतील सानपाडा येथे राहणाऱ्या एका परदेशी नागरिकाच्या वायफायवरून पाठविला गेल्याचे उघड झाले. पुढचा ई-मेल मुंबईतील एका महाविद्यालयाच्या जाळ्यावरून आणि दिल्लीतील सप्टेंबरच्या स्फोटांच्या वेळचा चेंबूरमधील एका कंपनीच्या जाळ्यावरून गेला. यांपैकी कोणाचाही त्या कृत्याशी संबंध नव्हता. परंतु पोलीस प्रथम आले ते यांच्याच दारी, कारण पत्ता यांचा होता. चौकशी, संगणकाची जप्ती, वर्तमानपत्रांतील मथळे हे सारे निरपराध माणसांच्या वाट्याला आले. त्यानंतर 2009 च्या प्रारंभी मुंबई पोलिसांची पथके उघडी वायफाय जाळी शोधत शहरात फिरली आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना वायफाय सुरक्षित ठेवण्याविषयी सूचना काढल्या. कोरा सही केलेला धनादेश आपण रस्त्यावर ठेवत नाही. उघडे वायफाय त्याहून वेगळे नाही.

मग ग्राहकाला वायफाय द्यायचेच नाही काय? द्यावे, पण रीतीने. केंद्रीय मंत्रिमंडळाने 9 डिसेंबर 2020 रोजी 'पीएम-वाणी' योजनेस मान्यता दिली. पूर्वी किराणा दुकानाच्या कोपऱ्यात एसटीडी-पीसीओचा पिवळा फलक असे, तसेच हे आजचे रूप आहे. दुकानदाराला त्यासाठी परवाना किंवा नोंदणी लागत नाही. नोंदणीकृत मध्यस्थ संस्थेमार्फत तो वायफाय देऊ शकतो. वापरणाऱ्याची ओळख ॲपवर आधी पडताळली जाते आणि नोंद राहते. दोन पैसेही सुटतात आणि कोण वापरून गेले याची जबाबदारी आपल्या एकट्याच्या माथी राहत नाही.

शिवाय आता कायद्याचे भानही ठेवले पाहिजे. 2023 मध्ये संसदेने वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला आहे. ग्राहकाचे नाव, मोबाइल क्रमांक, त्याची देणी ही माहिती आपण संगणकात ठेवतो तेव्हा ती सांभाळण्याचे उत्तरदायित्व आपल्यावर येते. आपल्या पेढ्यांना ही कल्पना नवी नाही. कायद्याने ती उशिरा लिहून काढली, इतकेच.

दादांच्या दुकानात

आम्ही दोन रविवार खर्ची घातले. हिशेबाचे दोन्ही संगणक केबलने जोडले, त्यामुळे पोत्यांच्या थप्पीचा प्रश्नही मिटला. सीसीटीव्हीला स्वतंत्र तार दिली. ओसरीचे जाळे निराळे केले आणि त्याची परीक्षा मी स्वतः बाकावर, त्या मुलाच्याच जागी बसून, माझ्या मोबाइलवर घेतली. सामायिक कप्प्याला पुतण्या व दादा या दोघांपुरतीच परवानगी ठेवली. वीज गेली तरी राउटर चालावा म्हणून त्याला छोटी बॅटरी बसवली. पैसे आल्याचे सांगणाऱ्या पेटीचे काय, अशी पुतण्याला चिंता होती. पण तिच्यात स्वतःचे सिमकार्ड असल्याने तिला काही करावे लागले नाही. सारा खर्च सात हजारांच्या आत आला. पुतण्याने हे सर्व मनापासून केले, हे नमूद करणे मला आवश्यक वाटते. चूक त्याची एकट्याची नव्हती. आम्ही थोरांनी 'हे तुमचे, मुलांचे काम' म्हणून हात झटकले होते. तिजोरीची किल्ली कोणाकडे असावी हे आपण ठरवतो; मग या नव्या किल्लीचाही विचार थोरांनीच करायला हवा.

दादा त्या गृहस्थांच्या घरी एकदा जाऊन आले. त्यांनी चहा दिला, चौकशी केली, माफी मागू दिली नाही. लग्नाची पत्रिका आली. दादा आणि वहिनी आहेर घेऊन गेले. माल मात्र ते आता दुसरीकडून नेतात. दादांनी त्यांच्या नावाचे खाते अजून बंद केलेले नाही. शून्य शिलकेचे ते पान संगणकातही आहे आणि जुन्या पेटीतल्या वहीतही.

वाचकहो, हा अंक हाती येईल त्या दिवशी संध्याकाळी दुकान वाढवण्यापूर्वी दहा मिनिटे काढा. आपला मोबाइल दुकानाच्या वायफायला जोडा, ग्राहकाच्या बाकावर जाऊन बसा, आणि तेथून आपल्या माजघरातले काय काय दिसते ते पाहा.